एक रुपयाच्या गड्डीचे ६४,४३० रुपये

जुन्या नोटा आणि नाणी विकत घेणाऱ्यांच्या जाहिराती कशा असतात, हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. ७८६ आकडा असलेल्या नोटेला पाच लाख, ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला दोन लाख, २०१२ साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, गेंड्याच्या पंचवीस पैशांना दीड लाख. असल्या जाहिराती मला कोणी पाठवल्या की मी त्यांना फैलावर घेत असे. मी बँकेत रोखपाल होतो, अडतीस वर्षे नोटा मोजल्या आणि त्याच काळात नोटा-नाण्यांचा संग्रहही केला. तरीही गेल्या पावसाळ्यात माझे ६४,४३० रुपये गेले. हाव सुटली म्हणून गेले, असे आता घरातले आणि बाहेरचेही ऐकवतात. माझे म्हणणे तसे नाही. मला ज्याने फसवले, त्याला या विषयातले बरेच काही खरोखर ठाऊक होते, आणि माहीतगार माणसाला जाळ्यात ओढण्यासाठी त्याने तीच माहिती वापरली. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना ७८६ची नोट खरी वाटते, त्यांना सावध करणारे पुष्कळ आहेत. ज्यांना ती थोतांड आहे हे पक्के ठाऊक आहे, त्यांना कोणी सावध करत नाही.

संग्राहकांच्या एका ऑनलाइन समूहात मी माझ्याकडच्या एक रुपयाच्या कोऱ्या गड्डीचे छायाचित्र टाकले होते. डॉ. मनमोहन सिंग यांच्या सहीच्या, ओळीने क्रमांक असलेल्या शंभर नोटा. नोकरीला लागल्यानंतर लवकरच आमच्या हेड कॅशियरांकडून मी ती शंभर रुपये देऊन घेतली होती आणि तेव्हापासून ती पट्टीसकट जशीच्या तशी आहे. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला. बोलणे आमच्या सांगली-कोल्हापूरकडचे, स्वर अदबशीर. त्याने गड्डीची किंमत विचारली नाही. त्याने विचारले, "सर, टाचणीची भोकं किती खोल गेली आहेत? कडेला गंज उतरलाय का?" ज्यांनी जुन्या गड्ड्या हाताळल्या आहेत, त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. नोटांना टाचण्या मारणे बंद करा, असे रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना सांगितले. त्याआधीच्या गड्ड्यांना भोके असायचीच आणि गंज किती पसरला यावर संग्राहकाचा भाव ठरतो. हा प्रश्न रस्त्यावरच्या भामट्याला सुचत नाही, असे मला तेव्हा वाटले.

पुढे त्याने माझा सगळा संग्रह विचारून घेतला. कंपनीच्या काळातले म्हणून विकले जाणारे १८१८ सालचे रामदरबाराचे नाणे माझ्याकडे नाही ना, याची त्याने आधी खात्री केली आणि म्हणाला, "ते ईस्ट इंडिया कंपनीने कधी पाडलेलंच नाही, सर, देवळाच्या बाहेर मिळणारी ती टोकनं, लोक लाखभर रुपये मागतात त्याला." अगदी खरी गोष्ट आहे. मग तो माझ्याकडच्या १९११च्या चांदीच्या रुपयाकडे वळला. पंचम जॉर्जच्या या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरलेला होता, तो आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी तेव्हा ओरड झाली आणि १९१२ सालच्या नाण्यांवर तो सुधारून घेतला गेला. त्याने मला भिंग घेऊन खिडकीपाशी बसायला लावले, झग्यावरचा तो मसुराएवढा प्राणी तिरप्या उजेडात धरून मोबाइलने जवळून छायाचित्र काढायला सांगितले, आणि मी ते पाठवल्यावर "सोंड झिजली आहे, पण पाय शाबूत आहेत, त्यामुळे भाव थोडा कमी लावावा लागेल" असे उत्तर दिले. भाव वाढवून सांगणारा भामटा आपल्याला ओळखता येतो. भाव पाडणाऱ्याचा संशय कोण घेणार?

संपूर्ण संग्रहाचे, म्हणजे गड्डी, चांदीचे रुपये आणि वेगवेगळ्या गव्हर्नरांच्या सह्यांच्या दोन, पाच आणि दहा रुपयांच्या नोटांचा अल्बम, असे सगळे मिळून त्याने २,३५,००० रुपये सांगितले. बंगळुरूला एक खासगी संग्रहालय उभे राहते आहे आणि आपण त्यांच्यासाठी खरेदी करतो, असे त्याचे म्हणणे होते. माझा स्वतःचा अंदाज सव्वा लाखाच्या आसपासचा होता. हौशी संग्रहालय दुपटीपर्यंत जाऊ शकते, हे मी प्रदर्शनांतून पाहिलेले आहे, त्यामुळे हा आकडा मला अवास्तव वाटला नाही. त्याने २५ लाख म्हटले असते, तर मी दुसऱ्या क्षणी फोन ठेवला असता, आणि हे त्यालाही चांगले कळत होते.

पहिली मागणी १,१५० रुपयांची होती, विक्रेता म्हणून नोंदणी, व्यवहार झाल्यावर परत. रक्कम लहान होती आणि मी ती भरली. त्यानंतर मला एक पत्र आले, आणि ज्या जागेचा विचार करून मी आजही रात्री कूस बदलतो, ती जागा या पत्रात आहे.

पत्राच्या माथ्यावर भारतीय रिझर्व्ह बँकेचे नाव आणि मुद्रा होती, खाली "नाणे विभाग" असे लिहिले होते, गोल शिक्का होता आणि जांभळ्या शाईची सही होती. मजकुरात माझ्या गड्डीचे पहिल्या नोटेपासून शेवटच्या नोटेपर्यंतचे क्रमांक अचूक उतरवलेले होते. त्यापुढे लिहिले होते: "स्वाक्षरी – डॉ. मनमोहन सिंग, तत्कालीन गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक."

आता हे वाचणाऱ्यांपैकी जे बँकेत होते, ते कपाळाला हात लावतील. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसतेच. ती भारत सरकारची असते, तिच्यावर भारत सरकार असेच छापलेले असते, "मैं धारक को" हे वचन तिच्यावर नसते, आणि तिच्यावर गव्हर्नरची नव्हे तर वित्त सचिवाची सही असते. डॉ. मनमोहन सिंग १९७६ ते १९८० या काळात वित्त सचिव होते, आणि त्या पदावरून त्यांनी एक रुपयाच्या नोटांवर सही केली; गव्हर्नर ते १९८२ साली झाले. ही गोष्ट मी कॅश काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मोठ्या चवीने सांगत आलो आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेत चलनाचे काम पाहणाऱ्या खात्याचे नाव चलन व्यवस्थापन विभाग आहे. "नाणे विभाग" नावाचे काही मी अडतीस वर्षांत कोणत्याही परिपत्रकावर पाहिलेले नाही. नाणी तर सरकारच्या टांकसाळीत पडतात.

चूक माझ्या नजरेतून सुटली असती, तर मनाला इतके लागले नसते. ती मला दिसली होती. मी ते वाक्य दोनदा वाचले, आणि माझ्याच ज्ञानाने तिची सारवासारव केली: पुढे ते गव्हर्नर झालेच ना, तेव्हा एखाद्या कारकुनाने मोठे पद पाहून तेच लिहून टाकले असेल. सरकारी पत्रव्यवहारात याहून मोठे घोटाळे मी पाहिलेले आहेत, नावे चुकलेली, जन्मतारखा चुकलेल्या, जिवंत निवृत्तिवेतनधारकाला मृत दाखवलेले. म्हणजे ज्याला काहीच माहीत नव्हते, त्याला ती ओळ दिसलीच नसती, आणि मला दिसली तरी तिला निमित्त शोधून देण्याइतकी माहिती माझ्याकडे होती. त्या क्षणी थांबलो असतो तर नुकसान १,१५० रुपयांवर थांबले असते. पुढचे ६३,२८० रुपये त्या एका ओळीनंतरचे आहेत.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराबद्दल जाहीर सूचना काढलेली आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी आमचा संबंध नाही, त्यासाठी आम्ही कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आमच्या नावाने ते मागण्याचा अधिकार आम्ही कोणालाही दिलेला नाही, असा तिचा आशय आहे. ही सूचना मी त्या वेळी वाचली होती आणि इतरांना पाठवलीही होती. तेव्हा अशा व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे पत्र येणे हाच फसवणुकीचा पुरावा समजावा. ते खरे की खोटे हे ताडून पाहत बसू नये.

दुसरी मागणी १४,५०० रुपयांची होती. १९११चा रुपया शंभर वर्षांहून जुना, म्हणून तो १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतो आणि त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागते, असे कारण त्याने दिले. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ सालचा आहे आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी त्यात येतात. पण परवाना लागतो तो पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला, आणि बंदी आहे ती वस्तू देशाबाहेर नेण्यावर. घरातला एक रुपया देशातल्या देशात विकणाऱ्या माणसाने कोणा खासगी इसमाच्या खात्यात ना-हरकतीचे पैसे भरावेत, असे त्या कायद्यात कुठेही नाही. खऱ्याला खोटे असे बेमालूम चिकटवलेले होते. तिसरी मागणी वाहतुकीच्या विम्याची, ६,४८० रुपये.

चौथी मागणी १८ टक्के वस्तू आणि सेवा कराची, म्हणजे २,३५,०००वर ४२,३०० रुपये. हा कर मी आधी भरायचा आणि तो मला मूळ रकमेबरोबर परत मिळायचा. विकणाऱ्याने विकण्याआधी खरेदीदाराला कर द्यायचा, हा कोणत्या देशाचा न्याय? मी त्याला विचारले. त्याने मला बनावट बिलाचा नमुना पाठवला, त्यावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक होता, आणि तो क्रमांक मी सरकारी संकेतस्थळावर तपासला तर तो खरा निघाला. कोणत्या तरी बिचाऱ्या, याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या व्यापाऱ्याचा तो क्रमांक होता, हे नंतर कळले. क्रमांक खरा असणे आणि तो समोरच्याचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमांक तपासला की त्याच्यासमोर उमटणारे व्यापाराचे नाव वाचावे, आणि त्या व्यापाराचा नाण्यांशी संबंध आहे का ते पाहावे. त्याचप्रमाणे यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव येते, तेही वाचावे. चारही वेळा माझ्यासमोर वेगवेगळ्या व्यक्तींची नावे आली. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" हे उत्तर मी तीनदा ऐकून घेतले, आणि हो, दरवेळी ते मला पटले, कारण छोट्या पेढ्या असेच व्यवहार करतात हे मी काउंटरच्या आतून पाहिलेले होते.

पाचव्या मागणीला, २३,५०० रुपयांच्या अनामतीला, मी नकार दिला आणि ही रक्कम माझ्या किमतीतून वजा करा असे सांगितले. अस्सल लिलावगृहे नेमके हेच करतात: वस्तू विकली गेली की आपली दलाली कापून उरलेले पैसे देतात. त्यावर त्याची सगळी अदब गळून पडली. अडीच लाखांचा व्यवहार लपवल्याचे प्राप्तिकर खात्याला कळवीन, तुमचे आधार आणि पॅन माझ्याकडे आहे, अशी धमकी त्याने दिली. मग क्रमांक बंद झाला. संग्रह माझ्याच कपाटात राहिला, एवढेच काय ते बरे झाले. पण आधार आणि पॅनची छायाचित्रे त्यांच्याकडे गेली ती गेलीच. तेव्हापासून माझ्या नावावर कोणी कर्ज काढले नाही ना, हे मी पतअहवाल मागवून पाहत असतो.

आता पुढचा भाग, ज्याने मला चोरापेक्षाही जास्त छळले.

मी आधी माझ्या बँकेत गेलो. तसे करू नका. पहिला फोन सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर करा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात आणि ते मध्येच अडवायचे असतील तर हातात तासच असतात. मी बँकेत गेलो ते आपली माणसे म्हणून. जिथे हयात घालवली, त्याच बँकेची ती शाखा. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने माझे म्हणणे पुरते ऐकूनही न घेता सांगितले, "सर, पिन तुम्हीच टाकलाय. ऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे." त्याचे म्हणणे नियमाला धरून आहे, हे मला त्याच्याआधी ठाऊक होते. ग्राहकाच्या मर्यादित दायित्वाचे रिझर्व्ह बँकेचे २०१७ सालचे परिपत्रक तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण देते, पण ते ग्राहकाने स्वतः न केलेल्या व्यवहारांसाठी. फसवून करवून घेतलेल्या व्यवहाराला त्यात जागा नाही. परंतु पैसे ज्या बँकेत गेले, तिला ताबडतोब एक निरोप पाठवण्यासाठी कोणत्या परिपत्रकाची परवानगी लागते? अर्ज लिहून द्या, म्हणाला. अर्ज दिला. पोच द्यायला शिक्का सापडेना. तो शिक्का कोणत्या खणात असतो, हे मी त्याला सांगितले.

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट झाले. तिथे मला सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेने रक्कम कमी आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातच जा, म्हणून परत पाठवले. ठाण्यातल्या बाकावर मी दुपारभर बसलो, आणि अखेर ज्याच्यासमोर माझा नंबर आला, त्याने कागद वाचून शेजारच्याला हाक मारली, "हे बघ, काकांची एक रुपयाची नोट अडीच लाखाला निघालेली." दोघेही हसले. मी बँकेत होतो हे कळल्यावर तर आणखी हसले. मग त्यांनी माझ्याकडून सगळ्या संभाषणाच्या छापील प्रती तीन संचांत मागितल्या, मोबाइलवरच्या पुराव्यासाठी लागणारे कायदेशीर प्रमाणपत्र मागितले, आणि हे सगळे आणून दिल्यावर गुन्हा न नोंदवता नुसता तक्रार अर्ज घेतला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड आणि भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम ३१८(४) मी कागदावर लिहून नेले होते. "काका, कलमं आम्हाला शिकवू नका," असे उत्तर मिळाले. शेवटी गुन्हा नोंदवला गेला तो वरिष्ठांना लेखी अर्ज दिल्यानंतर. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागले, तर शून्य क्रमांकाने गुन्हा (झिरो एफआयआर) नोंदवून घ्या असे स्पष्ट म्हणा आणि ते लेखी द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद आहे. तोंडी बोलण्याला तिथे किंमत नाही.

ज्या संकेतस्थळावर तो मला भेटला, तिथे मी त्याच्या खात्याची तक्रार केली. आमच्या निकषांचे उल्लंघन आढळले नाही, असे छापील उत्तर आले. ते खाते नाव बदलून अजून तिथेच आहे आणि परवा त्याने कोणाच्या तरी एक रुपयाच्या नोटेखाली टाचणीच्या भोकांबद्दलच विचारले होते. मी त्याखाली लिहिले, तर माझाच मजकूर काढून टाकण्यात आला.

संग्रह विकायचा असेल, तर मुंबई-पुण्याला नाण्यांची प्रदर्शने भरतात, तिथे वस्तू घेऊन जा. खरा खरेदीदार भिंग लावतो, वजन करतो, घासाघीस करतो आणि पैसे देतो. तो घेत नाही. ओळख पटवायला कोणी नसेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे, तिथे जाणकार माणसे भेटतात. माझा मुलगा मला विचारतो की हे सगळे ठाऊक असताना फोनवरच्या माणसाला पैसे का दिले. त्याचे उत्तर वर लिहिले आहे, आणि ते त्याला पटलेले नाही.

गुन्हा नोंदवल्यानंतर काही दिवसांनी मला आणखी एक फोन आला. सायबर विभागातून बोलतो आहे, तुमची गोठवलेली रक्कम सोडवायची आहे, प्रक्रिया शुल्क ३,५०० रुपये. माझा तक्रार क्रमांक त्याला माहीत होता. तो त्याला कोठून मिळाला, हा प्रश्न मी ठाण्यात लेखी विचारला आहे आणि त्याला अद्याप उत्तर नाही. ज्यांचे पैसे एकदा गेले आहेत, त्यांना हा दुसरा फोन येतोच असे धरून चाला आणि ३,५०० तर सोडाच, ३५ रुपयेही देऊ नका.

रक्कम गोठवली गेली आहे, हे मात्र खरे निघाले. चारपैकी एका खात्यात ८,२१२ रुपये अडकून पडले आहेत. ते मिळवायचे तर न्यायालयाचा आदेश आणा, असे बँक सांगते. वकिलांनी अर्जाचे ५,००० रुपये सांगितले आहेत, तारखांचे पैसे वेगळे. मी त्यांना निम्मे आता आणि निम्मे रक्कम हाती आल्यावर देतो म्हणालो; ते विचार करून कळवणार आहेत.